इलेक्ट्रॉनची ऊर्जा काढायची कशी: सौरवाऱ्यापासून कृष्णविवराच्या झोतापर्यंत

एका शोधनिबंधात लिहिलेलं असतं, ‘इलेक्ट्रॉनची ऊर्जा १० इलेक्ट्रॉनव्होल्ट’. दुसऱ्यात असतं, ‘७ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट’. कण तोच, शब्द तेच, आणि आकड्यांत सत्तर हजार कोटी पटींचा फरक. पहिला आकडा यानावरच्या उपकरणाने कण पकडून मोजलेला असतो. दुसरा कोणी मोजलेलाच नसतो, कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून आलेल्या उजेडावरून तो काढलेला असतो. हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं, तर सुरुवातीचे दोन महिने वाया गेले नसते.

बी.एस्सी. किंवा एम.एस्सी.चं भौतिकशास्त्र झालंय, प्रकल्पात झोत (कृष्णविवराजवळून निघणारा कणांचा वेगवान फवारा) किंवा सौरवारा (सूर्यातून सतत वाहणारा भारित कणांचा प्रवाह) आलाय, आणि मार्गदर्शकांनी ‘इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचा अंदाज काढून आण’ एवढंच सांगितलंय, अशांसाठी हे लिहिते आहे. मी जिथे जिथे आपटले, त्या जागा जरा सविस्तर सांगेन. बाकीचं पाठ्यपुस्तकात सापडतं.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- एक कागद, त्यावर चार आकडे: इलेक्ट्रॉनच्या स्थिर वस्तुमानाची ऊर्जा ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, १ इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे सुमारे ११,६०० केल्व्हिन, १ टेस्ला म्हणजे १०,००० गाउस, १ गाउस क्षेत्रात मंद इलेक्ट्रॉनची फिरकी सेकंदाला २८ लाख वेळा, म्हणजे २.८ मेगाहर्ट्झ.
- पायथन, आणि त्यात अ‍ॅस्ट्रोपाय. त्यातला एककांचा भाग वापरायचाच. का, ते चौथ्या पायरीत कळेल.
- यानाच्या डेटासाठी पायस्पेडास हे पायथनचं पॅकेज. डेटा नासाच्या सीडीए-वेब या संकेतस्थळावर मोफत मिळतो.
- झोतासाठी दीर्घिकेचं अंतर, ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे उजेडाची तरंगलांबी किती ताणली गेलीय ते) आणि वेगवेगळ्या वारंवारतांवरची तेजस्विता. हे सगळं ‘नेड’ या डेटाबेसमध्ये एका जागी सापडतं. पुढे वर्णपट जुळवायची वेळ आली की नाइमा, अ‍ॅग्नपाय, जेटसेट यांपैकी एखादं पॅकेज. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या वाटेला जाऊ नका. ती कुठल्याही डेटाला कुठलं तरी सुंदर वक्र बसवून देतात, आणि मग चूक कुठे आहे हे कळतच नाही.

## १. आधी ठरवा: कोणती ऊर्जा?

‘इलेक्ट्रॉनची ऊर्जा’ म्हणताना लोक तीन निरनिराळ्या गोष्टी बोलत असतात.

पहिली, तापमान. सौरवाऱ्याचे लोक ‘१० इलेक्ट्रॉनव्होल्ट’ म्हणतात तेव्हा ते तापमान असतं, म्हणजे साधारण १ लाख १६ हजार केल्व्हिन. कणाची सरासरी ऊर्जा याच्या दीडपट, १५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. हा दीडचा गुणक विसरणारे इतके भेटतात की मी आता शोधनिबंध वाचताना समासात खूण करून ठेवते.

दुसरी, एकेका कणाची गतिज ऊर्जा. व्हॅन अ‍ॅलन पट्ट्यांचे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या कणांच्या पट्ट्यांचे, लोक ही वापरतात.

तिसरी, लॉरेंट्झ घटक, म्हणजे ‘गॅमा’. एकूण ऊर्जा भागिले ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. झोतांवर काम करणाऱ्यांच्या तोंडी सतत हाच असतो.

गतिज आणि एकूण यांतला फरक गॅमा हजारात असताना कोणी विचारत नाही. पण बाह्य पट्ट्यातला १ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट गतिज ऊर्जेचा इलेक्ट्रॉन घ्या: त्याचा गॅमा १.९६ नव्हे, २.९६ आहे. स्थिर वस्तुमानाचा एक मिळवायचा राहिला की उत्तर तिसऱ्या हिश्शाने चुकतं.

## २. इलेक्ट्रॉन हाताला लागतो, की नुसता त्याचा उजेड दिसतो?

इथून वाटा फुटतात. सौरवारा, पृथ्वीचं चुंबकावरण, व्हॅन अ‍ॅलन पट्टे इथे यान स्वतः जातं आणि कण उपकरणात शिरतात. तुमचं काम इथलं असेल तर तिसरी पायरी. दीर्घिकेच्या केंद्रातून निघालेल्या झोतात कोणी जाऊ शकत नाही. तिथे चौथ्या पायरीवर उडी मारा. तिसरी तरी वाचून घ्या, कारण मोजलेला आकडासुद्धा किती फसवतो हे एकदा पाहिलं की अनुमानाच्या आकड्याकडे बघायची नजर बदलते.

## ३. यानाचा डेटा: स्वतः यानच मध्ये येतं

उन्हातल्या यानाच्या पृष्ठभागावरून सूर्याचे अतिनील किरण इलेक्ट्रॉन उडवतात. ऋणभार निघून गेल्याने यान धनभारित होतं, सौरवाऱ्यात सहसा काही व्होल्टने. समजा ५ व्होल्ट. मग दोन गोष्टी घडतात. बाहेरून येणारा १० इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन यानाकडे ओढला जातो आणि उपकरणात १५ चा म्हणून नोंदला जातो. आणि यानाचेच उडालेले, ५ पेक्षा कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन निसटू न शकल्याने वळून परत येतात आणि तेही उपकरणात शिरतात.

माझ्या पहिल्या आलेखात कमी ऊर्जेकडे एक उंच, टोकदार शिखर आलं. ‘थंड इलेक्ट्रॉनांचा नवा समूह!’ म्हणून मी त्याचं तापमान काढलं, घनता काढली, दोन पानं लिहिली. ते सगळे आमच्याच यानाच्या अंगावरून उडालेले इलेक्ट्रॉन होते.

म्हणून क्रम असा ठेवा:

पहिल्यांदा यानाच्या विभवाची (यान किती व्होल्टने भारित आहे त्याची) फाइल उतरवा. बऱ्याच मोहिमा ती वेगळी देतात. विभवापेक्षा कमी ऊर्जेचा सगळा भाग कापून टाका. उरलेल्या प्रत्येक ऊर्जेतून विभव वजा करा. मात्र हे करताना आलेखाच्या उभ्या अक्षावर काय आहे ते बघा. कला-अवकाशातली घनता (अमुक जागी अमुक वेगाचे कण किती, ते) असेल तर ती कणाच्या मार्गावर बदलत नाही, त्यामुळे फक्त आडवा अक्ष सरकवला की झालं. फाइलमध्ये ऊर्जा-प्रवाह असेल तर तो नुसता सरकवून चालत नाही. आधी घनतेत बदला, मग सरकवा, हवं तर परत बदला.

एक क्षुल्लक वाटणारा सापळा. या फाइलींमध्ये जिथे मोजमाप नसतं तिथे रिकामी जागा नसते, उणे १ वर ३१ शून्यं असा आकडा भरलेला असतो. सरासरी काढण्याआधी तो गाळा. तापमान ऋण आलं की समजा हाच आकडा आत शिरलाय.

आता मिळालेल्या वितरणाला मॅक्सवेलचं वक्र बसवायचा मोह होईल. मधल्या भागाला ते छान बसतं. त्याच्या बाहेर, साठ-सत्तर इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे, कण अपेक्षेपेक्षा जास्तच निघतात: एक पसरट ‘हेलो’, आणि चुंबकीय रेषांना धरून सूर्यापासून दूर धावणारा अरुंद ‘श्ट्राल’. अशा लांब शेपटीसाठी १९६८ मध्ये वासिलियुनास यांनी कॅपा वितरण वापरलं, ते आजही वापरतात. कॅपा लहान असेल तर शेपटी जाड. कॅपा खूप मोठा झाला की परत मॅक्सवेलच. सगळ्याला मिळून एकच तापमान सांगायचं असेल तर सांगा, पण ते कोणत्या ऊर्जेपासून कोणत्या ऊर्जेपर्यंत बेरीज करून काढलंय, हे शेजारी लिहा.

इलेक्ट्रॉनच्या बाबतीत एक गंमतही आहे. सौरवारा सेकंदाला ४०० किलोमीटरने वाहतो. त्या वेगाची प्रोटॉनची ऊर्जा सुमारे ८३५ इलेक्ट्रॉनव्होल्ट होते, इलेक्ट्रॉनची अर्धासुद्धा होत नाही. उलट १० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनचा स्वतःचा वेग १,९०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे प्रोटॉन एका दिशेने येणाऱ्या सरीसारखे लागतात आणि इलेक्ट्रॉन चहूबाजूंनी, घोंघावणाऱ्या माशांसारखे. एकाच बाजूला बघणाऱ्या उपकरणाने प्रोटॉनचं भागतं, इलेक्ट्रॉनचं नाही. २०१५ मध्ये सोडलेल्या नासाच्या एमएमएस मोहिमेच्या चार यानांवर इलेक्ट्रॉन टिपणारी उपकरणं यानाच्या चारी बाजूंना बसवली आहेत. यानाने फिरून सगळं आकाश बघेपर्यंत थांबायचं नव्हतं, त्यांना दर ३० मिलिसेकंदांनी पूर्ण वितरण हवं होतं.

ताळा कसा घ्यायचा? घनतेवरून. प्लाझ्माची स्वाभाविक वारंवारता किलोहर्ट्झमध्ये ९ गुणिले घनतेचं वर्गमूळ इतकी असते (घनता दर घनसेंटीमीटरला). घनसेंटीमीटरला ५ कण असतील तर २० किलोहर्ट्झ. यानाच्या रेडिओ ग्राहकाच्या आलेखात ती रेघ कुठे दिसते ते बघा. यानाच्या विभवाचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. तुमच्या बेरजेतून आलेली घनता तिच्याशी जुळत नसेल, तर दुरुस्ती अर्धवट झालीय.

## ४. झोत: उजेडावरून गॅमा

इथे इलेक्ट्रॉन दिसत नाहीत. चुंबकीय रेषांभोवती फिरताना ते जो सिंक्रोट्रॉन उजेड टाकतात, तो दिसतो. लागणारं सूत्र एवढंच:

वारंवारता (मेगाहर्ट्झ) = ४.२ × गॅमाचा वर्ग × चुंबकीय क्षेत्र (गाउस)

४.२ कुठून आला? वरच्या कागदावरचे २.८ गुणिले दीड.

उदाहरणाला कन्या तारकासमूहातली एम ८७ दीर्घिका घेऊ. तिच्यातून निघालेली सरळ रेघ १९१८ मध्ये लिक वेधशाळेच्या हेबर कर्टिस यांनी पाहिली. ती नेमकी कशाची, हे त्या वेळी कोणालाच सांगता येत नव्हतं. १९५६ मध्ये बाडे यांना तिच्या उजेडात ध्रुवण आढळलं, आणि तो सिंक्रोट्रॉन उजेड असल्याचं पक्कं झालं. झोतातल्या गाठींमध्ये चुंबकीय क्षेत्र ३०० मायक्रोगाउस धरू, म्हणजे ०.०००३ गाउस. ४.२ ने गुणलं की ०.००१२६. आता वारंवारतेला याने भागा आणि वर्गमूळ काढा:

- रेडिओ, ५ गिगाहर्ट्झ: गॅमा सुमारे २,०००. ऊर्जा १ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट.
- दृश्य प्रकाश, ५० कोटी मेगाहर्ट्झ: गॅमा सुमारे ६ लाख ३० हजार. ऊर्जा ३२० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट.
- क्ष-किरण, १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, म्हणजे सुमारे २४,२०० कोटी मेगाहर्ट्झ: गॅमा सुमारे १ कोटी ३९ लाख. ऊर्जा ७ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट.

सुरुवातीचा ७ टेराचा आकडा तो हाच. उजेडाचा कण १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा आणि तो टाकणारा इलेक्ट्रॉन ७ टेराचा. या दोन ऊर्जांची गल्लत करू नका. वाचायला हास्यास्पद वाटेल, पण रात्री अकरा वाजता होते.

माझ्या पहिल्या तक्त्यात मात्र ७ च्या जागी ७०० होते. क्षेत्र मी टेस्लामध्ये टाकलं होतं. दहा हजाराची चूक वर्गमूळात जाऊन शंभराची झाली, आणि ७०० टेराचा आकडा इतका रुबाबदार दिसत होता की मला शंकाच आली नाही. एककं संगणकाला सांभाळू द्या म्हणते, ते यासाठी.

मग चुंबकीय क्षेत्राचा आकडा येतो कुठून? बहुतेक वेळा गृहीतकातून. कणांची ऊर्जा आणि क्षेत्राची ऊर्जा साधारण सारखी धरली, की तेवढ्या उजेडासाठी लागणारी एकूण ऊर्जा कमीत कमी निघते, आणि क्षेत्र ठरतं. बर्बिज यांनी १९५६ मध्ये एम ८७ ला हाच हिशेब लावला होता. निसर्गाने अशी समान वाटणी केलीच असेल याची काही हमी नाही. दिलासा एकच: गॅमा क्षेत्राच्या वर्गमुळावर ठरतो. क्षेत्र चारपट चुकलं तर गॅमा दुप्पटच चुकतो.

## ५. लगेच आयुष्य तपासा

ही पायरी बरेचजण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवते हीच. उजेड टाकता टाकता इलेक्ट्रॉनची ऊर्जा संपते. किती काळात?

काळ (सेकंद) = ७७ कोटी ÷ (क्षेत्राचा वर्ग × गॅमा)

क्षेत्र परत गाउसमध्ये. वरचेच आकडे टाका. रेडिओवाला इलेक्ट्रॉन सुमारे १ लाख ३६ हजार वर्षं टिकतो. दृश्य प्रकाशवाला ४३० वर्षं. क्ष-किरणवाला जेमतेम २० वर्षं.

आता एम ८७ चा झोत आठवा. आकाशात दिसणारी त्याची लांबी सुमारे ५ हजार प्रकाशवर्षं. कृष्णविवराजवळ निघालेला ७ टेराचा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाने धावला तरी २० प्रकाशवर्षांत गळपटेल. वेगामुळे काळ मंदावतो हे धरून पाचपट सूट द्या, तरी शंभर. आणि क्ष-किरण तर हजारो प्रकाशवर्षांवरच्या गाठींमधून येताना दिसतात! याचा अर्थ इलेक्ट्रॉन केंद्रातून ऊर्जा घेऊन येत नाहीत, त्यांना वाटेत, तिथल्या तिथे पुन्हा ढकललं जातंय. क्ष-किरण टिपणाऱ्या चंद्रा दुर्बिणीला या अंतरावर १३० प्रकाशवर्षांपेक्षा बारीक काही दिसत नाही. म्हणजे एकेका ठिपक्याच्या आत या इलेक्ट्रॉनांचं सगळं आयुष्य उरकतं.

दोन भागाकारांतून एवढं निघतं. पॅकेज आठवडाभर बाजूला ठेवा म्हटलं ते याचसाठी.

## ६. क्ष-किरण दिसले म्हणून सिंक्रोट्रॉनच, असं नाही

इलेक्ट्रॉन समोरून येणाऱ्या मंद प्रकाशकणाला ठोकर मारूनही क्ष-किरण बनवू शकतो. याला व्यस्त कॉम्प्टन म्हणतात. प्रकाशकणाची ऊर्जा सरासरीने गॅमाच्या वर्गाच्या सव्वा ते दीडपट वाढते (नेमकं ४ भागिले ३). विश्वात सगळीकडे भरलेल्या सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीचा प्रकाशकण सरासरी ०.०००६३ इलेक्ट्रॉनव्होल्टचा. गॅमा १,००० चा इलेक्ट्रॉन त्याला सुमारे ८५० इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेतो. म्हणजे क्ष-किरणांतच.

तेव्हा तोच क्ष-किरण, आणि इलेक्ट्रॉन एका हिशेबाने १ कोटी ३९ लाख गॅमाचा, दुसऱ्या हिशेबाने १,००० चा. चौदा हजार पटींचा फरक केवळ प्रक्रिया कोणती मानली यावर.

पीकेएस ०६३७-७५२ या क्वेसारची (दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राची) गोष्ट यासाठीच लक्षात ठेवा. १९९९ मध्ये चंद्रा दुर्बीण जुळवण्यासाठी ती त्याच्याकडे वळवली, आणि अनपेक्षितपणे लांबलचक क्ष-किरण झोत दिसला. पुढची अनेक वर्षं त्याचं स्पष्टीकरण पार्श्वभूमीवरचं व्यस्त कॉम्प्टन असंच दिलं जाई. पण ते खरं असेल तर ठरावीक प्रमाणात गॅमा किरणही दिसायला हवेत. गॅमा किरण टिपणाऱ्या फर्मी दुर्बिणीला ते दिसले नाहीत, आणि २०१५ मध्ये या झोतापुरतं ते स्पष्टीकरण बाद झालं. सेंटॉरस ए या दीर्घिकेत उलट्या बाजूने पुरावा आला: २०२० मध्ये हेस दुर्बिणींना टेराइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण झोताच्या दिशेने लांबवर पसरलेले दिसले. तिथे अतिशय ऊर्जावान इलेक्ट्रॉन आहेतच, त्यामुळे क्ष-किरणही सिंक्रोट्रॉनचे.

तुमच्या झोतासाठी दोन्ही हिशेब करा, दोन्ही लिहा. मग ध्रुवण आहे का, गॅमा किरणांची मर्यादा काय सांगते, हे शोधा.

## ७. झोत तुमच्याकडे तोंड करून असेल तर

ब्लेझारमध्ये झोत जवळजवळ आपल्याच दिशेने येतो. दिसणारी वारंवारता मुळातल्यापेक्षा डॉप्लर घटकाइतक्या पटीने वाढलेली असते (झोताच्या वेगावर आणि दिशेवर हा घटक ठरतो). आधी तिला डॉप्लर घटकाने भागा, ताम्रसृतीत एक मिळवून त्याने गुणा, मगच चौथ्या पायरीचं सूत्र लावा. घटक १० असेल तर गॅमा सव्वातीन पटीने कमी येतो. तेजस्वितेवर परिणाम कितीतरी मोठा, चौथ्या घाताच्या आसपास, म्हणून कमीत कमी ऊर्जेचे हिशेब इथे फार लवकर कोसळतात. उत्तर लिहिताना ‘झोताच्या चौकटीत’ की ‘आपल्या चौकटीत’ हे दोन शब्द घालायला विसरू नका.

## ८. उतार, आणि न दिसणारे इलेक्ट्रॉन

झोतात सगळे इलेक्ट्रॉन एकाच ऊर्जेचे नसतात. ऊर्जा वाढेल तशी त्यांची संख्या घातांकाने उतरते. हा घातांक वर्णपटावरून मिळतो: वर्णपटाचा उतार दुप्पट करा, एक मिळवा. वर्णपट ०.७५ ने उतरत असेल तर इलेक्ट्रॉनचा घातांक २.५. चिन्हाकडे लक्ष द्या, कोणी उतार ऋण लिहितं, कोणी धन, आणि एकाच निबंधाच्या दोन तक्त्यांत दोन्ही प्रथा मी पाहिल्या आहेत.

जोरदार शॉकमधून (धक्का-लहरीतून) निघालेल्या इलेक्ट्रॉनचा साधा सैद्धांतिक घातांक २ येतो. तुमचा ३ च्या जवळ असेल तर घाबरू नका. ऊर्जा गमावल्याने तो बरोबर १ ने वाढतो, आणि वर्णपट ०.५ ने जास्त तीव्र होतो. वर्णपटाचा उतार असा बदलतो तो मोड नेमका कुठे पडतो, ते पाचव्या पायरीच्या सूत्राशी ताडून बघा.

आता शेवटचा खड्डा. मार्गदर्शक विचारतील, ‘झोतात इलेक्ट्रॉन आहेत तरी किती?’ घातांक हातात असल्याने बेरीज सोपी वाटते. पण सुरुवात कोणत्या गॅमापासून करणार? ३०० मायक्रोगाउसमध्ये १०० गॅमाचा इलेक्ट्रॉन सुमारे १२.६ मेगाहर्ट्झवर चमकतो. पृथ्वीचं आयनावरण १० मेगाहर्ट्झच्या आसपास रेडिओला दार लावून घेतं. त्याखालचे इलेक्ट्रॉन जमिनीवरच्या कुठल्याही दुर्बिणीला दिसत नाहीत, आणि संख्येने सगळ्यात जास्त तेच असतात. घातांक २.५ असताना खालची मर्यादा १०० ऐवजी १० धरली, तर इलेक्ट्रॉनांची संख्या ३२ पट होते आणि त्यांची एकूण ऊर्जा तिप्पट. ती ऊर्जा वाढली की समान वाटणीचं चुंबकीय क्षेत्र बदलतं, आणि क्षेत्र बदललं की चौथ्या पायरीतले सगळे गॅमा परत काढावे लागतात. मी हा फेरा आता संगणकाकडूनच तीन-चारदा फिरवून घेते, खालची मर्यादा १, १० आणि १०० धरून, आणि अहवालात तिन्ही उत्तरं शेजारी-शेजारी टाकते.